रस्त्यानं नऊ तास

"तू कुठं होती? अवो, कुठं होती तू?"

तेलघानी नाक्यावरच्या ट्रकांच्या गोंगाटातही नीलिमाला नवऱ्याचा आवाज ओळखू आला. तिनं स्कूटीचा ब्रेक असा कचकन दाबला, की मागचा रिक्षावाला शिवी हासडून बाजूनं निघून गेला. पानठेल्यापाशी यशदीप उभा होता. अंगात मिलचा निळा शर्ट, चेहरा राखेसारखा पडलेला आणि कडेवर मितू. मितूच्या एका पायात चप्पल नव्हती. ती शांतपणे बिस्किट खात होती.

"मी ड्यूटीवर होती. काहून? तुमी हिले इथं काहून घेऊन आले?"

"मी नाही आनली. मी आलो तवा ही इथंच उभी होती. एकटी!"

नीलिमा तशीच खाली उतरली. स्कूटी स्टँडवर लावायचं भान तिला राहिलं नाही. गाडी पडली असती, पण ठेलेवाल्यानं धावत येऊन हँडल धरलं.

"दो घंटा से खड़ी है दीदी," तो म्हणाला. "बारा बजे अकेली आई. मैं बुलाया तो आती नहीं. बोलती है, यहीं पापा आते हैं. रोड के उस पार से आई है, बताओ! मैं तो डर गया."

रस्त्याच्या पलीकडून. म्हणजे बालवाडीतून निघून, दोन गल्ल्या पार करून, उरल्याच्या कारखान्यांचे लोखंडी सळ्यांनी भरलेले ट्रक धावतात त्या रस्त्यातून साडेतीन वर्षांची पोर चालत आली होती. नीलिमानं मितूला ओढूनच कडेवर घेतलं. मितूनं उरलेलं बिस्किट आईपुढं धरलं.

"मम्मी, आप लेट हो गए," ती म्हणाली.

आता हे झालं कसं ते सांगायला हवं. कारण असली चूक करायलासुद्धा नवरा-बायको दोघंही पाळीत काम करणारेच लागतात. नऊ ते पाचवाल्यांच्या हातून ती होणे नाही.

यशदीप उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवायचा. त्याची पाळी दर सोमवारी बदलायची. नीलिमा सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, भरती निघाली आणि तिचं नाव लागलं. तेव्हा गुढियारीच्या त्यांच्या दोन खोल्यांत दिवाळी झाली होती. सासरे तुळशीरामबाबा रेल्वेतून रिटायर होऊन घरीच होते, तोवर कुणाला कसली चिंता नव्हती. नात आणि आजोबा एकमेकांना सांभाळत. मागच्या उन्हाळ्यात बाबा गेले. तेव्हापासून पोरीला नवरा-बायको रस्त्यात सांभाळत होते म्हटलं तरी चालेल. सकाळपाळी असली की यशदीप दोनला सुटायचा, नीलिमाला दोनला लागायचं. मग सव्वादोनला तेलघानी नाक्यावर गाठ. ती इकडून स्कूटीवर, तो तिकडून मोपेडवर. इंजिन बंद न करता मितू या गाडीवरून त्या गाडीवर जायची. नीलिमा वॉर्डात पेशंट सोपवताना देतात तसा रिपोर्ट द्यायची, "पोळी अर्धी खाल्ली, ताप नाही, दुपारी झोपली नाही, थोडी चिडचिडी हाय." यशदीप म्हणायचा, "ठीक हाय सिस्टर." मितू हात हलवायची. सगळा कारभार एका मिनिटाचा. तरीही नीलिमा दवाखान्यात रोज वीस मिनिटं उशिरा पोचायची आणि रोज मेट्रनचं ऐकून घ्यायची.

त्या रविवारी मीरा सिस्टरनं फोन करून विनवलं, उद्या माझी सकाळ तू कर, मी तुझी दुपार करते. नीलिमा हो म्हणाली. पहाटे यशदीप डबा बांधत असताना तिनं अर्धवट झोपेत सांगितलं, "मी आज सकाळी हाव. मितूले तुमी घ्याल." तोही झोपेतच "हव" म्हणाला. मागच्या आठवड्यात त्याची रात्रपाळी होती, तेव्हा बारा वाजता बालवाडीतून मितूला तोच आणायचा. नीलिमाच्या डोक्यात मागचाच आठवडा चालू होता. त्याला वाटलं, नेहमीसारखं नाक्यावर घ्यायचं. शेजारच्या वनमालादीदींनी पोरीला बालवाडीत सोडलं आणि त्या मुलीकडे भिलाईला निघून गेल्या. बारा वाजता बालवाडी सुटली. बाकीच्या पोरांचं कुणी ना कुणी आलं. मितूचं कुणीच नाही. मग तिनं आपली अक्कल चालवली आणि जिथं आई-बाप हमखास भेटतात तिथं जाऊन उभी राहिली.

त्या दिवशी नवरा-बायको भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. संध्याकाळी यशदीपनं मितूचे पाय गरम पाण्यानं धुतले, एका टाचेत काच रुतली होती ती काढली, आणि नीलिमाकडे न बघता म्हणाला, "मी मिल सोडू काय?"

"आनि खाऊ काय? माह्यं प्रोबेशन अजून वर्षभर हाय. काढून टाकलं तं?"

त्यानं टाचेला पट्टी बांधली.

मंगळवारी दुपारी तिनं दवाखान्यासमोरच्या बूथवरून हिंगणघाटला आईला फोन लावला. आईच्या घरी फोन नव्हता. शेजारची शेवंता भीमाबाईला हाक मारून आणायची, आणि भीमाबाई येईपर्यंत नीलिमा रिसीव्हरमधून कोंबड्यांचे आवाज ऐकत राहायची. सगळं ऐकून भीमाबाई आधी दोघांना यथेच्छ शिव्या देऊन मोकळी झाली.

"तुमची अक्कल काय गहान ठेवली काय? ट्रकाखाली गेली असती न पोट्टी! आनून टाक तिले इकडं. तुही नोकरी पक्की होईस्तोवर मी पाह्यतो."

"वर्ष हाय माय."

"असू दे न वर्ष. तुले नाही वाढवलं काय मी? जिनिंगात मजुरी करून वाढवलं."

नीलिमानं रात्री हे यशदीपला सांगितलं, तेव्हा तिला वाटत होतं तो नाही म्हणेल. अगदी मनापासून वाटत होतं. तो उठून बसला आणि म्हणाला, "दुसरं काय करनार?" झालं. ठरलं. असल्या गोष्टी ठरायला वेळ लागत नाही, आणि ठरल्यावर मात्र एक मिनिट चैन पडत नाही.

बुधवारपासून नीलिमाच्या पायाला भिंगरी लागली. शनिवार-रविवार सुट्टी मिळवण्यासाठी तिनं बुधवारी डबल ड्यूटी केली. यशदीपनं गुरुवारी केली. वनमालादीदींनी मितूला ठेवून घेतलं आणि दर तासाला खिडकीतून ओरडून सांगितलं, "यहीं है, यहीं है!" रेल्वेनं जाऊ, पाच तासांत नागपूर, तिथून बस, असं यशदीपचं म्हणणं. नीलिमानं साफ नाही म्हटलं.

"रस्त्यानं जाऊ. तुमच्या दोस्ताची, सचिनची व्हॅन मागा."

"येडी झाली काय? नऊ तास लागते रस्त्यानं. अन् बाघनदीपासून रस्ता कसा हाय, मालूम हाय न?"

"सामान हाय तिचं."

"कोनतं सामान? पोरीचं सामान ते किती असनार?"

"हाय म्हनलं न!"

गुरुवारी ती पंडरीच्या बाजारात कपडे घ्यायला गेली. दुकानदारानं विचारलं, बच्ची किती वर्षांची? साडेतीन. त्यानं त्या मापाचे फ्रॉक पुढं टाकले. नीलिमानं एक उचलला, अंदाज घेतला आणि परत ठेवला. "इससे बड़ा दिखाइए." त्यानं मोठा दाखवला. "इससे भी बड़ा." दुकानदार हसून म्हणाला, "दीदी, ये तो साल भर बाद आएगा." नीलिमा "हव" म्हणाली आणि तिचे डोळे असे भरून आले, की समोरचा लाल कोणता आणि गुलाबी कोणता हे तिला दिसेना. तिनं दोन आत्ताच्या मापाचे घेतले आणि दोन मोठे. आपली पोर त्या मोठ्या फ्रॉकात मावेल, तेव्हा आपण तिथं नसू. ही गोष्ट त्या पिशवीत घालून ती गर्दीतून स्कूटी काढत घरी आली.

शुक्रवारी तिनं मितूची नखं कापली. जुनं औषध फेकलं, नवं आणलं. टाचेची जखम दोनदा बघितली. एका वहीच्या पानावर लिहून काढलं: डाळ पातळ लागते, खोकला झाला तर हे, ताप आला तर ते, कोंबड्यांना घाबरत नाही पण फटाक्यांना घाबरते. भीमाबाईला वाचता येत नाही, हे पान भरल्यावर तिच्या लक्षात आलं. तरी तिनं ते पान घडी घालून बॅगेत ठेवलं.

शनिवारी पहाटे पाचला निघाले. सचिन बोर्ड रंगवायचा, त्यामुळे व्हॅनला टर्पेंटाइनचा वास होता आणि मागच्या सीटवर हिरव्या रंगाचा डाग. नीलिमा मितूला मांडीवर घेऊन मागं बसली. दुर्ग येईपर्यंत मितू झोपली. नीलिमानं खिडकीकडे एकदाही बघितलं नाही. पोरीच्या केसांची मुळं, कानामागचा तीळ, उघड्या तोंडातले दात, सगळं ती एकेक बघत बसली. यशदीपनं आरशातून पाहिलं आणि रस्त्यानं जायचा हट्ट काय होता ते त्याला आता कळलं. रेल्वेत आणि बसमध्ये मिळून सातच तास मिळाले असते. त्यानं हळूच वेग कमी केला.

राजनांदगावच्या पुढं मितू उठली आणि ओकली. पाण्यानं तोंड धुऊन, फ्रॉक बदलून झाल्यावर ती टवटवीत झाली आणि प्रश्न सुरू झाले.

"मम्मी, हम कहां जा रहे?"

"आजीकडं जाऊन राह्यलो. हिंगनघाटले."

"आजी की ड्यूटी है?"

पोरीच्या हिशेबात जगात दोनच प्रकारची माणसं होती: ड्यूटीवर असलेली आणि तिला घेतलेली. वनमालादीदीसुद्धा तिच्या लेखी ड्यूटीच करायच्या.

"हव. आता आजीची ड्यूटी हाय. तू आजीपाशी राह्यशील."

"फिर पापा लेंगे?"

पुढं बसलेल्या पापानं गिअर बदलला. बदलायची गरज नव्हती.

"पापा नंतर घेतील," नीलिमा म्हणाली. "आजीची ड्यूटी लंबी हाय."

"अच्छा," मितू म्हणाली आणि बाहेरची माकडं बघायला लागली.

देवरीचा घाट गेला. साकोलीला पोहे खाल्ले. मितूनं आपल्यातले शेंगदाणे वेचून बापाच्या तोंडात घातले. परत गाडीत बसल्यावर नीलिमा एकदम म्हणाली, "ऐका न. आपन नुसतं भेटून येऊ. दोन दिस राहू, अन् हिले घेऊन वापस. मायले काय, सांगून देऊ."

यशदीपनं हॉर्न दाबला. एक ट्रक ओलांडला, मग दुसरा.

"सोमवारी कोन घेईन हिले?" त्यानं विचारलं. चिडून नाही, खरोखर विचारलं. तिनं सांगितलं असतं तर त्यानं तिथंच गाडी वळवली असती.

नीलिमा बोटांवर मोजायला लागली. सोमवारी माझी दुपार, तुमची दुपार, वनमालादीदी दोनपर्यंत. मीरा सिस्टरला सांगून सकाळ घेतली तर मंगळवार निघतो. बुधवार जमतो. गुरुवारी रात्र. गुरुवारी रात्री तुम्ही घरी. शुक्रवार... तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजलं. एकदा मंगळवार उघडा पडायचा, एकदा शुक्रवार. मंगळवार झाकला की शुक्रवार उघडा. वैनगंगेचा पूल आला, भंडारा मागं पडलं, नागपूरची धुरकट कमान दिसायला लागली, तरी शुक्रवार काही बसला नाही. मग तिनं हात मांडीवर ठेवले. यशदीपनंही परत विचारलं नाही.

हिंगणघाटला पोचायला दुपारचे अडीच वाजले. भीमाबाई ओट्यावर वाटच बघत होती. तिनं जावयाच्या हाती पाण्याचा तांब्या दिला, लेकीकडे एक नजर टाकून "वाळून गेली पार" म्हणाली आणि नातीला उचललं. मितू लगेच गेली. कुणाकडेही जायची तिला सवयच होती. रात्री भीमाबाईनं पोरीला कोंबडीची पिल्लं दाखवली, ताटातला भात स्वतःच्या हातानं भरवला, आणि भिंतीवरच्या बुद्धाला नमस्कार करायला शिकवलं. मितू खुशीत होती. नीलिमाला आनंद व्हायला हवा होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी दोन वाजता निघायचं. यशदीपची पाळी सोमवारपासून दुपारची होती, पण सचिनला व्हॅन सोमवारी सकाळी आठलाच हवी होती. मितूला तेव्हा डुलकी लागत होती. भीमाबाई लेकीला बाजूला घेऊन म्हणाली, "झोपू दे तिले. झोपली का निघून जा. रडारड नको."

"नाही माय."

"अवो, लहान लेकरू हाय. उठन, दोन घंटे रडन, विसरून जाईन."

"उठन अन् शोधाले निघन!" नीलिमाचा आवाज चढला. "तुले नाही मालूम. ती रडत नसते माय, ती निघते. मी तिले सांगूनच जाईन."

तिनं मितूला उठवलं. तोंड धुतलं, वेणी घातली. मग दारात उभी राहून, इतके दिवस नाक्यावर द्यायची तसा, तिनं आईला रिपोर्ट दिला. भात खाल्ला. ताप नाही. डाव्या टाचेला पट्टी आहे, उद्या बदलायची. झोप झाली नाही, चिडचिड करेल. फटाक्यांना घाबरते. एकटीला... एकटीला बाहेर सोडायचं नाही. हात धरूनच.

"मले शिकवतं काय?" भीमाबाई म्हणाली खरी, पण पदर तोंडाशी गेला होता.

"ऐक न माय. पूर्न ऐक."

भीमाबाईनं पूर्ण ऐकलं. संपल्यावर नीलिमाला वाटलं, आता पोर गळ्याला मिठी मारेल, किंचाळेल, आणि मग जे होईल ते होईल. मितूनं आजीकडे बघितलं आणि आपणहून दोन्ही हात पुढं केले. आजीच्या कडेवर नीट बसून तिनं हात हलवला.

"बाय मम्मी. बाय पापा. धीरे जाना."

व्हॅन सुरू झाली. गल्लीच्या वळणापर्यंत नीलिमा मागं बघत होती. वळण गेलं तरी मान तशीच. यशदीपनं तिला पुढच्या सीटवर बसायला सांगितलं. ती बसली. नागपूरला चहा घेतला, तेव्हा नीलिमा म्हणाली, "उद्या मेट्रनले सांगते, आता टाइमवर येईन." यशदीप म्हणाला, "हव." एवढंच बोलणं झालं.

देवरीला पोचले तेव्हा सात वाजले होते आणि अंधार पडत होता. रस्त्याकडेला एक बूथ उघडा होता. नीलिमा म्हणाली, थांबवा. यशदीपनं व्हॅन थांबवली. "तुमी येता काय?" तिनं विचारलं. "तूच बोल," तो म्हणाला, "मी चाकं पाह्यतो."

शेवंतानं फोन उचलला, हाक मारली. या खेपेला कोंबड्यांचा आवाज नव्हता. बायका बोलत होत्या, भांडी वाजत होती. मग भीमाबाई आली.

"जेवली काय?"

"जेवली न. दोनदा जेवली. पन आता ओट्यावर बसून हाय, उठतच नाही. आत चाल म्हनलं तं म्हनते, नाही. शेवंता, आन वो तिले उचलून फोनपाशी... घे, मम्मी हाय, बोल."

फोनमध्ये श्वास ऐकू आला. पोरीला फोनवर बोलायची सवय नव्हती. ती नुसती श्वास घ्यायची.

"मितू?"

"मम्मी, अंधेरा हो गया," मितू हळू आवाजात म्हणाली, आजीला वाईट वाटू नये अशा बेतानं. "आजी की ड्यूटी खतम हो गई. आ जाओ."

नीलिमानं बूथच्या काचेवर हात टेकला. खोटं बोलायला किती सोपं होतं. येते बेटा, आत्ता येते. दवाखान्यात पेशंटच्या नातेवाईकांना ती रोज म्हणायची, आराम आहे, होईल बरं. बाहेर यशदीप पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला होता.

"नाही बेटा," ती म्हणाली. "आजची नाही. आजीची ड्यूटी लई दिवसांची हाय. अन् मम्मीचीबी. संपली का मी येईन. पन आज नाही येत. उद्याबी नाही."

पलीकडे पुन्हा नुसता श्वास. एक, दोन, तीन. नीलिमानं ते मोजले.

"अच्छा," मितू म्हणाली. मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

नीलिमा बाहेर आली. रस्त्यावरून ट्रक जात होते, त्यांच्या उजेडात यशदीप अजून त्याच चाकापाशी बसलेला दिसत होता. चाकाला काही झालं नव्हतं. ती जवळ गेली तरी त्यानं वर बघितलं नाही.

"रडली काय?"

"नाही."

"मंग काय म्हनाली?"

"अच्छा म्हनाली."

यशदीपनं मान हलवली. त्यानं चाकावर हात ठेवला आणि तो तिथंच बसून राहिला. नीलिमाही साडी सावरून त्याच्या शेजारी खाली बसली. रायपूर अजून चार तास होतं.